उदात्त आणि सुरक्षित अंतर : आधुनिक युरोपीय चित्रकलेतील एका कल्पनेची तपासणी



'उदात्त' हा शब्द मराठीत आपण बऱ्याच सैलपणे वापरतो. उदात्त हेतू, उदात्त विचार, उदात्त चारित्र्य असे शब्दप्रयोग सत्काराच्या भाषणांत हमखास ऐकू येतात. वेदपठणात उंच स्वराला उदात्त म्हणतात, आणि नाट्यपरंपरेतला धीरोदात्त नायक तुम्हांला शाळेपासून माहीत असतो. या सर्व ठिकाणी 'वर उचललेले' हा अर्थ समान आहे. युरोपातील 'सब्लाइम' या संकल्पनेसाठी मराठी समीक्षेने हाच शब्द रूढ केला. त्यामुळे एक अडचण निर्माण झाली आहे. आपल्या शब्दात नैतिक उंची आहे, पण भीती नाही. अठराव्या शतकानंतरच्या युरोपीय संकल्पनेत मात्र भीती हा मुख्य घटक आहे. 'उदात्त चित्र' म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर एखाद्या संताची प्रसन्न मुद्रा येत असेल, तर ती बाजूला ठेवा. येथे आपल्याला खवळलेला समुद्र, बर्फात चिरडलेले जहाज आणि पावसातून अंगावर येणारे रेल्वे इंजिन यांच्याविषयी बोलायचे आहे.

मी अभियांत्रिकीचा शिक्षक आहे. हा विषय समजून घेताना आमच्या वर्गातला एक साधा शब्द मला उपयोगी पडतो : फॅक्टर ऑफ सेफ्टी. एखादा दोर किती भाराला तुटेल आणि आपण प्रत्यक्षात त्यावर किती भार टाकतो, यांचे ते गुणोत्तर. ते जितके मोठे, तितके आपण निर्धास्त. उदात्ताच्या अनुभवालाही असा एक गुणांक लागतो. कड्यावरून खाली पाहताना जो थरार वाटतो, तो पायाखालचा दगड पक्का आहे या खात्रीवर उभा असतो. दगड हलला की थरार संपतो आणि नुसती भीती उरते. या टिपणात आपण काही चित्रांना एकच प्रश्न विचारणार आहोत : या चित्रात सुरक्षित अंतरावर कोण आहे, आणि कोण नाही?

१. बर्क आणि कांट

प्राचीन काळी लाँजायनसच्या नावावर असलेल्या ग्रीक ग्रंथात उदात्ताचा विचार वक्तृत्व आणि काव्य यांच्या संदर्भात आला. १६७४ मध्ये ब्वालोने त्याचे फ्रेंच भाषांतर केले आणि ही चर्चा युरोपभर पसरली. तिला चित्रकलेच्या आणि निसर्गाच्या दिशेने खरे वळण दिले ते एडमंड बर्कने. १७५७ मध्ये, वयाची तिशीही गाठली नसताना, त्याने सुंदर आणि उदात्त यांची काटेकोर फारकत करणारा प्रबंध प्रसिद्ध केला.

बर्कच्या मते सुंदर वस्तू लहान, गुळगुळीत, नाजूक, हळुवार वळणांची असते आणि ती आपल्यात प्रेम निर्माण करते. उदात्ताचे मूळ भयात आहे. विशालता, अनंतता, अंधार, एकांत, नि:शब्दता, प्रचंड शक्ती आणि अस्पष्टता ही त्याची साधने. यांतील अस्पष्टता विशेष लक्षात ठेवा, कारण पुढे चित्रांकडे पाहताना तिचा उपयोग होईल. जे पूर्ण दिसते त्याची भीती ओसरते. जे अर्धवट दिसते ते मनाला अस्वस्थ ठेवते.

मात्र बर्कने एक अट घातली. संकट फार जवळ आले तर ते केवळ भयंकर असते, त्यात आनंद नसतो. काही अंतर राखले, तरच त्या भीतीतून एक वेगळ्या जातीचे सुख मिळते. याच प्रबंधात त्याने एक अस्वस्थ करणारा दाखला दिला आहे. नाट्यगृहात उत्तम नट आणि खर्चिक नेपथ्य घेऊन एक श्रेष्ठ शोकांतिका सुरू होणार आहे अशी कल्पना करा, असे तो सांगतो. एवढ्यात बातमी येते की शेजारच्या चौकात एका बड्या राजकीय गुन्हेगाराला देहदंड दिला जाणार आहे. नाट्यगृह क्षणात रिकामे होईल. बर्कला यातून मनुष्यस्वभाव दाखवायचा होता. आपल्याला मात्र त्यातून एक प्रश्न मिळतो. चौकात उभा असलेला प्रेक्षक सुरक्षित आहे, फासाखाली उभा असलेला माणूस नाही. मग या अनुभवाला 'उदात्त' म्हणण्याचा अधिकार कोणाचा?

बर्कचा आपल्या देशाशी असलेला संबंध इथे आठवण्यासारखा आहे. तीस वर्षांनी, १७८८ मध्ये, याच बर्कने ब्रिटिश संसदेसमोर वॉरन हेस्टिंग्जवरील महाभियोग चालवला. वेस्टमिन्स्टर हॉलमधल्या त्या कामकाजाची प्रवेशपत्रे मिळवण्यासाठी लंडनच्या प्रतिष्ठितांची धडपड चाले. बंगालमधील रंगपूरच्या रयतेवर महसूलवसुलीसाठी झालेल्या छळाचे बर्कने असे वर्णन केले की काही स्त्रियांना भोवळ आली, असे तत्कालीन वृत्तान्त सांगतात. त्याला दूरच्या माणसांचे दु:ख जवळ आणायचे होते. तरीही सभागृहातला प्रसंग त्याच्या नाट्यगृहाच्या दाखल्यासारखाच झाला : प्रेक्षक हेलावले आणि घरी गेले. १७९५ मध्ये हेस्टिंग्जची निर्दोष मुक्तता झाली. दूरच्या यातना पाहून थरारणे आणि त्यांना न्याय देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यावरून समजते.

इमॅन्युएल कांटने १७९० मध्ये या विचाराला तात्त्विक बैठक दिली. मराठी वाचकाला कांटच्या सौंदर्यविचाराची सविस्तर चर्चा रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसा' या ग्रंथात सापडते. कांट उदात्ताचे दोन प्रकार मानतो. गणिती उदात्तात आकारमान आपल्या कल्पनाशक्तीच्या आवाक्याबाहेर जाते, जसे तारांगण. शक्तिरूप उदात्तात निसर्गाचे सामर्थ्य आपल्याला क्षुद्र करते, जसे वादळ किंवा ज्वालामुखी. दोन्ही ठिकाणी इंद्रिये हार मानतात, पण त्याच क्षणी आपल्याला कळते की आपल्यातली विवेकशक्ती या सगळ्याहून मोठी आहे. म्हणून कांटच्या मते उदात्त हा समुद्राचा किंवा पर्वताचा गुण नाही, तो पाहणाऱ्याच्या मनात असतो. अट मात्र त्याचीही तीच आहे : पाहणारा सुरक्षित जागी हवा.

कांटच्या विवेचनात एक छोटासा माणूस येऊन जातो. तो आहे साव्हॉयचा शेतकरी, आल्प्सच्या पायथ्याशी राहणारा. बर्फाच्या डोंगरांवर प्रेम करणारे सगळे लोक त्याला मूर्ख वाटतात. ही हकीकत कांटने सोस्यूर या जिनिव्हाच्या शास्त्रज्ञाकडून घेतली. सोस्यूर १७८७ मध्ये माँ ब्लाँच्या शिखरावर गेला होता. कांट शेतकऱ्याला समंजस म्हणतो, परंतु संस्काराअभावी त्याला पर्वतात केवळ संकट दिसते, असा निष्कर्ष काढतो. मला इथे कांटशी वाद घालावासा वाटतो. ज्याची गुरे हिमलोटाखाली गाडली जातात, त्याला पर्वतात संकट दिसते याचे कारण संस्काराचा अभाव नाही. त्याच्या वाट्याला सुरक्षित अंतर आलेले नाही, एवढेच. हा शेतकरी ध्यानात ठेवा. आपण पाहणार आहोत त्या जवळजवळ प्रत्येक चित्रात तो कुठेतरी आहे.

२. फ्रीडरिश : उभे राहायला जागाच न देणारे चित्र

कास्पार डाव्हिड फ्रीडरिश (१७७४–१८४०) या जर्मन चित्रकाराचे 'समुद्रकाठचा संन्यासी' हे चित्र १८१० मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात लागले आणि प्रशियाच्या राजाने ते विकत घेतले. आज ते बर्लिनच्या जुन्या राष्ट्रीय कलादालनात आहे. रुंदी पावणेदोन मीटरच्या आत, उंची एक मीटर दहा सेंटिमीटर. खाली फिकट वाळूचा पट्टा, त्यावर बोटाएवढा संन्यासी, मग काळ्या समुद्राची अरुंद पट्टी, आणि उरलेल्या बहुतेक सगळ्या जागेत आकाश.

या चित्रात काय नाही ते आधी पाहा. त्या काळच्या निसर्गचित्रांत कडेला एखादे झाड, कमान किंवा खडक असे. त्याच्या आडोशाने प्रेक्षकाची नजर चित्रात शिरे आणि तिला टेकायला जागा मिळे. इथे तसा एकही आधार नाही. अवरक्त किरणांच्या तपासणीत असे आढळले की फ्रीडरिशने आधी समुद्रावर शिडाची जहाजे काढली होती आणि नंतर ती रंगाखाली पुसून टाकली. जहाज असते तर अंतर मोजता आले असते, जाणे-येणे असते, कथा असती. त्याने मोजपट्टीच काढून घेतली. अभियांत्रिकी आराखड्यावरून प्रमाण खोडले तर त्यातली खोली दहा फुटांची की शंभर फुटांची हे सांगता येत नाही. या आकाशाचे तसेच झाले आहे. हे चित्र पाहताना जणू आपल्या पापण्याच कापून टाकल्या आहेत, अशा आशयाचे हाइनरिश फॉन क्लाइस्टने लिहिले. डोळे मिटून घेण्याची सोय उरत नाही, हे त्याला बरोबर जाणवले होते.

आता याच चित्रकाराचे अधिक प्रसिद्ध चित्र पाहा : सुमारे १८१८ मधील 'धुक्याच्या सागरावरचा भटका', जे हाम्बुर्गला आहे. खडकावर पाठमोरा उभा असलेला काठीधारी गृहस्थ तुम्ही पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर आणि स्फूर्तिदायक संदेशांच्या भित्तिपत्रकांवर पाहिला असेल. त्याची लोकप्रियता समजण्यासारखी आहे. तो चित्राच्या मधोमध आहे, त्याचे पाय खडकावर घट्ट आहेत, दऱ्या त्याच्या खाली आहेत. कांटच्या विवेचनाला चित्र जोडायचे झाले तर यासारखे सोयीचे दुसरे नाही. माझ्या मते मात्र यामुळेच ते 'संन्यासी'पेक्षा उणे ठरते. भटका आपल्यासाठी सगळे काम करून टाकतो. भीतीही त्याने वाटून घेतली आणि विजयही त्यानेच मिळवला. आपण त्याच्या खांद्यामागे उभे राहून निसर्गाचे मालक झाल्यासारखे वाटून घेतो. संन्यासी आपल्याला असा दिलासा देत नाही.

तिसरे चित्र १८२३–२४ मधील 'बर्फाचा समुद्र'. हेही हाम्बुर्गला आहे. उत्तर ध्रुवाकडच्या मोहिमांच्या बातम्या तेव्हा युरोपभर चवीने वाचल्या जात. फ्रीडरिश तिकडे कधी गेला नव्हता. त्याने ड्रेस्डेनजवळ एल्बे नदीत फुटलेल्या बर्फाच्या लाद्यांचे अभ्यास केले आणि त्यावरून हा ध्रुवसमुद्र रचला. एकमेकींवर चढलेल्या धारदार लाद्यांचा मनोरा मध्यभागी आहे. जहाज शोधावे लागते. ते उजव्या बाजूला, बर्फाखाली गेलेले, केवळ मागचा भाग दिसणारे असे आहे. माणूस एकही नाही. फ्रीडरिश लहान असताना त्याचा भाऊ बर्फ फुटून पाण्यात बुडाला, ही त्याच्या आयुष्यातली नोंदलेली घटना आहे. तिचा चित्राशी थेट संबंध जोडण्याची घाई करू नये. परंतु बर्फ म्हणजे काय हे या माणसाला वर्तमानपत्रातून कळलेले नव्हते, एवढे म्हणता येईल. चित्रकाराच्या मृत्यूपर्यंत हे चित्र विकले गेले नाही. भटक्याच्या खडकासारखा खडक इथे नाही, आणि विजयही नाही.

३. टर्नर : दोन जहाजे आणि एक गाडी

इंग्लंडमध्ये जे. एम. डब्ल्यू. टर्नरने (१७७५–१८५१) उदात्ताला वेगळीच गती दिली. फ्रीडरिशकडे स्तब्धता आहे, टर्नरकडे भोवरा आहे. १८४२ मध्ये त्याने बर्फाच्या वादळातली आगबोट प्रदर्शित केली. स्वत:ला डोलकाठीला बांधून घेऊन आपण ते वादळ चार तास पाहिले, अशी त्याची हकीकत सांगितली जाते. अभ्यासकांना ती खरी वाटत नाही. पण तिच्यातून त्याची इच्छा दिसते. त्याला किनाऱ्यावरून वादळ पाहायचे नव्हते, पाहणाऱ्याला वादळाच्या आत नेऊन ठेवायचे होते. चित्रात क्षितिज तिरपे होते, आकाश आणि पाणी यांची सीमा नाहीशी होते, आणि बर्कची अस्पष्टता थेट रंगाच्या थरांतून काम करू लागते.

आता आपल्या प्रश्नाची खरी कसोटी घेणारे चित्र पाहू. १८४० मध्ये टर्नरने रॉयल अकादमीत जे चित्र लावले ते आज 'गुलामांचे जहाज' या संक्षिप्त नावाने ओळखले जाते. ते अमेरिकेत बोस्टनच्या ललितकला संग्रहालयात आहे. मूळचे लांबलचक शीर्षक स्पष्टच सांगते की गुलामांचे व्यापारी मेलेल्यांना आणि मरणासन्नांना समुद्रात फेकत आहेत, आणि तुफान जवळ येत आहे. या विषयामागे 'झाँग' जहाजाचे प्रकरण आहे, असे सामान्यत: मानले जाते. १७८१ मध्ये या ब्रिटिश जहाजावरून १३० हून अधिक आफ्रिकी माणसांना जिवंत समुद्रात फेकण्यात आले. नंतर मालकांनी 'माल' गमावल्याबद्दल विम्याची रक्कम मागितली, आणि १७८३ मध्ये न्यायालयात वाद झाला तो विम्याचा, खुनाचा नव्हे.

चित्रासमोर प्रथम काय दिसते? पेटलेला सूर्यास्त. लाल, सोनेरी, जांभळा. समुद्र दुभंगल्यासारखा मधोमध उजळलेला. जहाज दूर, धूसर. मग नजर खाली उतरते आणि उजव्या कोपऱ्यात एक पाय दिसतो, घोट्याला बेडी असलेला. त्याच्याभोवती मासे आहेत. पाण्यावर हात आहेत, साखळ्या आहेत. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी आपण सूर्यास्ताचा आनंद घेतो, आणि नंतर कळते की कशाचा आनंद घेत होतो.

जॉन रस्किन या थोर समीक्षकाने १८४३ मध्ये या चित्राची अफाट स्तुती केली. लाटा, प्रकाश, रंग यांचे त्याने केलेले वर्णन इंग्रजी गद्याचा नमुना मानले जाते. परंतु समुद्रात माणसे फेकली जात आहेत ही गोष्ट त्याने मुख्य मजकुरात ठेवली नाही, तळटीपेत ठेवली. पुढे ते चित्र त्याच्याच घरी आले आणि काही वर्षांनी त्याने ते विकून टाकले. त्याचा विषय सोबत बाळगणे त्याला क्लेशदायक वाटू लागले होते, असे सांगतात. त्या तळटीपेकडे तुम्ही समीक्षेचे विद्यार्थी म्हणून नीट पाहा. उदात्ताची कल्पना कसा दगा देऊ शकते ते तिथे दिसते. लाट भव्य, प्रकाश भव्य, आणि बुडणारा माणूस पानाच्या तळाशी.

यात दोष कोणाचा, रस्किनचा की टर्नरचा? काही टीकाकारांचे म्हणणे असे की टर्नरने अत्याचाराला देखणे करून टाकले. हा आक्षेप उडवून लावता येत नाही. १८०५ मध्ये टर्नरने स्वत: जमैकातील गुलामांच्या श्रमावर चालणाऱ्या एका मालमत्तेत शंभर पौंड गुंतवले होते, हीही नोंद आहे. तो या व्यवस्थेच्या बाहेर नव्हता. तरीही माझे मत चित्राच्या बाजूने पडते, आणि त्याचे कारण चित्राच्या रचनेत आहे. प्रेक्षक कुठे उभा आहे ते पाहा. तो किनाऱ्यावर नाही, कारण चित्रात किनाराच नाही. तो जहाजावरही नाही, जहाज दूर निघून चालले आहे. तो पाण्यात आहे, बेडीच्या पायापासून हातभर अंतरावर. टर्नरने आपल्याला फेकलेल्या माणसांच्या बाजूला आणून ठेवले आहे. वादळ जहाजावरही येणार आहे आणि आपल्यावरही. सूर्यास्त पाहून सुखावलेला डोळा ज्या क्षणी पायावर येतो, त्या क्षणी सुरक्षित अंतर तुटते. रस्किनने ते तळटीपेत ढकलून पुन्हा प्रस्थापित केले.

टर्नरचे दुसरे चित्र तुमच्यातील अभियंत्यांना जवळचे वाटेल : १८४४ मधील 'पाऊस, वाफ आणि वेग', लंडनच्या नॅशनल गॅलरीत. ग्रेट वेस्टर्न रेल्वेची गाडी मेडनहेड येथे थेम्स नदीवरच्या पुलावरून येत आहे. हा पूल ब्रुनेलने बांधला. विटांच्या दोन मुख्य कमानी, प्रत्येकीचा गाळा १२८ फूट आणि उंची अवघी २४ फूट. कमान जितकी चपटी, तितका बाजूंवर पडणारा आडवा जोर अधिक. त्यामुळे हा पूल कोसळणार असे तेव्हा अनेकांनी भाकीत केले होते. पूल आजही गाड्या वाहतो आहे.

निसर्गाऐवजी यंत्र उदात्ताचे स्थान घेऊ लागले होते. त्याआधी १८०१ मध्ये लूथरबुर्गने कोलब्रुकडेल येथील लोखंडाच्या भट्ट्यांचा रात्रीचा उजेड ज्वालामुखीसारखा रंगवला होता. टर्नरच्या चित्रात इंजिनाच्या काळ्या तोंडाखेरीज काहीच नीट दिसत नाही. रुळांवर गाडीपुढे एक ससा धावतो आहे. आता रंग उडाल्याने तो जेमतेम दिसतो. खाली नदीवर एक होडी आहे, दूर शेतात नांगर चालला आहे. आणि इंजिनामागे डबे आहेत, उघडे वाटावेत असे.

त्या उघड्या डब्यांमागे एक हकीकत आहे. २४ डिसेंबर १८४१ रोजी याच मार्गावर, सोनिंग येथील खोदीव भागात दरड रुळांवर आली आणि गाडी तिच्यावर आदळली. तिसऱ्या वर्गाचे प्रवासी कमी उंचीच्या उघड्या डब्यांत बसलेले होते. नऊजण मृत्युमुखी पडले. त्यांत लंडनला संसदेच्या नव्या इमारतीवर काम करून नाताळासाठी घरी निघालेले गवंडी होते. १८४४ मध्येच, म्हणजे चित्राच्या वर्षीच, तिसऱ्या वर्गालाही छप्पर असलेले डबे देण्याची सक्ती करणारा कायदा संसदेने केला. टर्नर त्या अपघाताचे चित्र काढत होता असे मी म्हणणार नाही. पण वेगाचा थरार झाकलेल्या डब्यातल्या माणसाला वेगळा वाटतो आणि पावसात उघड्यावर बसलेल्या गवंड्याला वेगळा. हा गवंडी म्हणजे साव्हॉयच्या शेतकऱ्याचा भाऊच.

४. सगळेच दाखवणारे चित्र

भव्य आकार म्हणजे उदात्त नव्हे, हे समजण्यासाठी जॉन मार्टिनचे 'त्याच्या क्रोधाचा महान दिवस' (१८५१–५३) पाहा. ते लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. तीन मीटर रुंदीच्या कापडावर डोंगर उलटे होऊन शहरांवर कोसळत आहेत, पृथ्वी फाटली आहे, माणसांचे लोट दरीत पडत आहेत. मार्टिनच्या मृत्यूनंतर हे चित्र आणि त्याची दोन जोडचित्रे ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत गावोगाव फिरवून दाखवण्यात आली, आणि ती पाहायला झुंबड उडाली. आजच्या संगणकनिर्मित प्रलयपटांचे हे पूर्वज म्हणता येईल.

तंत्र अचाट आहे, पण परिणाम टिकत नाही. मार्टिन प्रत्येक खडक, प्रत्येक वीज, प्रत्येक किंचाळी स्पष्ट दाखवतो. प्रेक्षकाच्या कल्पनेला काही उरतच नाही. आणि मरणारी माणसे इतकी असंख्य आणि इतकी लहान आहेत की त्यांपैकी एकाचीही काळजी वाटत नाही. टर्नरचा एक पाय जे करतो ते मार्टिनची हजारो शरीरे करू शकत नाहीत.

५. खंदकानंतर

पहिल्या महायुद्धाने उदात्ताच्या पायाखालचा दगड हलवला. दूरवर फुटणाऱ्या तोफा, रात्री उजळणारे आकाश, चिखलाचे अंतहीन मैदान हे सगळे बर्कच्या यादीत बसते. पण खंदकातल्या सैनिकाला ते पाहायला अंतरच नव्हते. पॉल नॅश हा ब्रिटिश चित्रकार आघाडीवर होता. त्याच्या १९१८ मधील चित्राचे नाव आहे 'आम्ही नवे जग घडवत आहोत'. तोफांनी उलथलेली जमीन लाटांसारखी दिसते, झाडांचे केवळ बुंधे उरलेत, आणि लालसर ढगांच्या भिंतीवरून पांढरा सूर्य वर येतो आहे. सूर्योदय, क्षितिज, निर्मनुष्य विस्तार ही फ्रीडरिशचीच सामग्री आहे. पण शीर्षकातला 'आम्ही' तिला कडवट करून सोडतो. ही विशालता निसर्गाने घडवलेली नाही. ती कारखान्यांत मोजून मापून तयार झालेल्या दारूगोळ्याने घडवली आहे. कांटच्या मते भव्यतेसमोर आपल्याला विवेकशक्तीचे श्रेष्ठत्व जाणवते. नॅशच्या चित्रापुढे तीच विवेकशक्ती आरोपी म्हणून उभी राहते.

६. आपल्या काळात

ओलाफुर एलिआसन या डॅनिश-आइसलँडिक कलावंताने २००३ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये, म्हणजे एका जुन्या वीजनिर्मिती केंद्राच्या टर्बाइन दालनात, एक सूर्य टांगला. सुमारे दोनशे एकवर्णी दिवे, एक अर्धवर्तुळाकार पडदा, छतावर आरसे आणि हवेत सोडलेले धुके. अर्धे वर्तुळ आरशात प्रतिबिंबित होऊन पूर्ण सूर्य तयार होई. दिव्यांचा प्रकाश केवळ पिवळ्या तरंगलांबीच्या अरुंद पट्ट्यातला असल्याने बाकीचे रंग नाहीसे होत. वीस लाखांहून अधिक लोकांनी ते पाहिले. अनेकजण जमिनीवर उताणे पडून छतात स्वत:चे इवलेसे प्रतिबिंब शोधत. दिवे, तारा, धुक्याची यंत्रणा काहीही लपवलेले नव्हते. मागे जाऊन कोणीही पाहू शके. यंत्रणा उघड असूनही थरार उरतो, हे मला तुमच्या-माझ्यासारख्या तंत्रविद्येच्या लोकांसाठी महत्त्वाचे वाटते. कसे घडते हे कळले म्हणून विस्मय संपलाच पाहिजे असे नाही.

मुंबईत जन्मलेल्या आणि लंडनमध्ये काम करणाऱ्या अनिश कपूर यांचे 'लिंबोत उतरताना' (१९९२) हे काम म्हणजे जमिनीतला सुमारे अडीच मीटर खोल, आतून गडद काळा खड्डा. वरून पाहताना तो खड्डा आहे की काळ्या रंगाची सपाट तबकडी, हे डोळ्याला ठरवता येत नाही. २०१८ मध्ये पोर्तुगालमधील पोर्तू शहरातल्या संग्रहालयात एक प्रेक्षक त्यात पडला आणि जखमी झाला. बातमी अनेकांनी विनोद म्हणून वाचली. परंतु आपण ज्या अटीविषयी बोलत आहोत, ती या एका प्रसंगात उघडी पडते. कडेला उभे असेपर्यंत अथांगता, एक पाऊल पुढे गेल्यावर इजा.

शेवटचे उदाहरण पुन्हा बर्फाचे. एलिआसनने भूशास्त्रज्ञ मिनिक रोझिंग यांच्यासह ग्रीनलंडच्या हिमनद्यांपासून सुटलेले बर्फाचे मोठे ठोकळे आणून २०१४ मध्ये कोपनहेगनला, २०१५ मध्ये हवामान परिषदेच्या वेळी पॅरिसला आणि २०१८ मध्ये लंडनला उघड्यावर ठेवले. लोकांनी त्यांना हात लावला, कान लावला, मुले त्यांवर चढली, आणि ते वितळून गेले. हे काम 'बर्फाचा समुद्र'शेजारी ठेवून पाहा. १८२४ मध्ये बर्फ जहाज चिरडत होता. आता जहाजे, कारखाने आणि वाहने बर्फ वितळवत आहेत. बर्क आणि कांट यांच्या विचारात निसर्ग बलाढ्य आणि माणूस दुबळा हे गृहीत होते. ते आज उलटले आहे, आणि उलटूनही माणूस सुरक्षित झालेला नाही. हवामानाच्या संकटाला बाहेरून पाहता येईल असा कठडा कोणाजवळही नाही. त्यातही किनाऱ्यावरची, डोंगरउतारावरची, उघड्यावर काम करणारी माणसे त्यात आधी सापडतात. शेतकरी आणि गवंडी पुन्हा तिथेच आहेत.

७. समारोप

मग उदात्ताची कल्पना टाकून द्यावी का? मला तसे वाटत नाही. आपल्याहून प्रचंड असे काही समोर आल्यावर बोलती बंद होणे हा माणसाचा खरा अनुभव आहे, आणि त्यातून नम्रता शिकता येते. परंतु त्या अनुभवाची किंमत कोण मोजतो हे विचारल्याखेरीज त्याची समीक्षा पुरी होत नाही. 'संन्यासी', 'गुलामांचे जहाज' आणि नॅशचे रणांगण ही चित्रे मला श्रेष्ठ वाटतात, कारण ती प्रेक्षकाला त्याच्या सुरक्षित जागेची जाणीव करून देतात आणि ती जागा डळमळीत करतात. 'भटका' आणि मार्टिनचा प्रलय ती जागा अधिक आरामशीर करतात.

एक व्यावहारिक सूचना. ही चित्रे तुम्ही बहुधा मोबाइलच्या पडद्यावर पाहाल. तिथे सगळे एकाच आकाराचे होते. म्हणून चित्राची लांबीरुंदी शोधा, भिंतीवर खडूने तेवढा चौकोन आखा आणि दोन पावले मागे उभे राहा. फ्रीडरिशचा भटका एक मीटरही उंच नाही हे कळल्यावर, तो इतका मोठा का वाटतो, हा प्रश्न तुम्हांला आपोआप पडेल.

विचारासाठी प्रश्न

१. बर्क आणि कांट या दोघांच्या मांडणीत 'सुरक्षित अंतर' कोणते काम करते? दोघांतील फरक तुमच्या शब्दांत लिहा.

२. 'समुद्रकाठचा संन्यासी' आणि 'धुक्याच्या सागरावरचा भटका' यांतील मानवाकृतीचे स्थान आणि आकार यांची तुलना करा. प्रस्तुत टिपणातील मूल्यमापन तुम्हांला मान्य आहे का? नसल्यास प्रतिवाद करा.

३. रस्किनची तळटीप हे समीक्षेतील अपयश आहे, असे म्हणता येईल का?

४. पूर, वादळ किंवा दरड यांची जी दृश्ये तुम्ही मोबाइलवर पाहता, त्यांपैकी एक निवडा. त्यात कॅमेरा कुठे आहे, माणसे कुठे आहेत आणि तुम्ही कुठे आहात?